चौथ्या मिनिटाची खरखर

परबकाका,

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊला आपल्या हॅम रेडिओ क्लबचं नेट, म्हणजे हवेवरची आठवड्याची हजेरी, सुरू झालं आणि पहिल्या दहा मिनिटांत चार चुका झाल्या. मी मोजल्या. एकाने कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचं आपलं नाव, न सांगताच बोलायला सुरुवात केली. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं आणि दोघांचंही बोलणं वाया गेलं. कोणीतरी मध्येच माइकमध्ये शिट्टी वाजवून आपला सेट तपासून घेतला. आणि जोशीसर तुमच्या आठवणी सांगताना इतके लांबले, की तीन मिनिटं भरताच रिपीटरने त्यांना वाक्याच्या मध्यात तोडलं. "परब म्हणजे आमच्या क्लबचा" इथवर ऐकू आलं आणि पुढे काहीच नाही. पिंपळे गुरवच्या आपल्या खोलीत सर पुढचं बोलतच राहिले असणार.

सुमतीकाकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या तुमच्या निधनानंतर पहिल्यांदा हसल्या. "ह्यांका आवडला असता ता," त्या म्हणाल्या. "जोशींका कोणीतरी गप केल्यान."

हा मजकूर जे वाचतील त्यांना रिपीटर माहीत असेलच असं नाही, म्हणून तो तुमच्याच शब्दांत सांगते. टेकडीवर एक यंत्र बसवलंय. त्याचे कान तीक्ष्ण आहेत आणि आवाज मोठा. चाकणच्या एखाद्या शेडमधून कमरेच्या हँडसेटवर कोणी हळू बोललं, तरी ते ऐकतं आणि त्याच क्षणी दापोडीपासून खेडपर्यंत सगळ्यांना ऐकवतं. पण एका वेळी एकाचंच. दोघं एकदम बोलले तर ज्याचा सेट जोरदार त्याचा आवाज जातो आणि दुबळा पुसला जातो. बोलणाऱ्याने बटण सोडलं की यंत्र 'टुक' करतं. टुक झाली म्हणजे लगेच बोलायचं नाही. मनात एक, दोन म्हणायचं आणि मग बटण दाबायचं. तेवढ्या वेळात ज्याला खरोखर गरज असेल त्याने 'ब्रेक' म्हणून आत यायचं.

तुमची सगळी शिस्त त्या दोन आकड्यांवर उभी होती. नवीन परवाना मिळालेल्या प्रत्येकाला तुम्ही हेच पहिलं सांगायचात आणि तो ते पहिलं विसरायचा.

दुसरा नियम खऱ्या रिपोर्टचा. समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आपण आकड्यांत सांगतो. पाच म्हणजे शब्द न् शब्द स्पष्ट, नऊ म्हणजे जोर पूर्ण. क्लबातले बरेच जण सगळ्यांनाच पाच-नऊ देऊन टाकतात, लग्नात आहेर द्यावा तसे. तुम्हाला ते खपत नसे. "नाही कळलं तर नाही कळलं म्हणा," तुम्ही म्हणायचात. "त्याला परत बोलायला लावा. लाज कसली? खोटा पाच-नऊ दिलात तर त्याचा निरोप तिथेच मेला."

तुम्ही क्लबचे कंट्रोल ऑपरेटर होता. म्हणजे घरातल्या सेटवरून कोड पाठवून टेकडीवरचं यंत्र बंद करण्याचा अधिकार तुमच्याकडे होता. इतक्या वर्षांत तो तुम्ही एकदाच वापरलात. माझ्यावर.

मी क्लबात आले ती बातमीसाठी. बातमी छापून आली आणि मी परीक्षेला बसले. दापोडीच्या तुमच्या घरी, रेल्वेच्या बाजूच्या खोलीत, पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तू पेपरवाली. हवेवर ऐकलेलं छापशील?"

"नाही."

"लिहून दे."

मी लिहून दिलं. लोकल गेली तेव्हा टेबलावरचा चहा हलला आणि कागदावर सांडला. तुम्ही तो कागद तसाच वहीत ठेवलात. आज मी जे लिहिते आहे ते त्या कागदाच्या विरुद्ध आहे. ज्यांचं ज्यांचं बोलणं इथे येतं त्यांना विचारून लिहिते आहे. तुम्हाला विचारायची सोय राहिली नाही.

त्या दिवसाबद्दल आपण पुरतं कधी बोललोच नाही. घडलं ते असं.

दुपारचे पावणेचार. मी सुट्टीवर होते, रावेतला घरी. जोशीसर त्यांच्या घरी. विषय होता माझ्या गच्चीवरच्या अँटेनाचा. सोसायटीला ती नको होती. माझा सेट पन्नास वॅटचा, सरांचाही तेवढाच. बोलणं रंगलं होतं. सरांनी बटण सोडायचा अवकाश की मी दाबत होते, आणि मी सोडलं की सर. टुक वाजते न वाजते तोच पुढचं वाक्य सुरू. "अध्यक्ष म्हणतात की त्या काठीने इमारतीचा लूक जातो," असं मी म्हणाले आणि बटण सोडलं. टुक आली नाही. सेट मुका होता.

काही सेकंदांनी यंत्र परत सुरू झालं आणि तुमचा आवाज आला. "कंट्रोल. एक बारीक आवाज आहे. त्याने बोलावं. बाकी कोणी बटणाला हात लावू नये."

मग खरखर. त्या खरखरीत गणेश काळे.

गणेश मूळचा बीडकडचा, चाकणच्या एका कंपनीत फिटर. तुमच्याच हाताखाली काम शिकलेला आणि तुमच्याच आग्रहाने परवाना काढलेला. पहिली शिफ्ट संपवून मागच्या कच्च्या रस्त्याने घरी निघाला होता. खडीवर गाडी घसरली आणि त्याला घेऊन चारीत गेली. पाय गाडीखाली अडकला, मोबाइल कुठेतरी उडाला. हँडसेट तेवढा कमरेला राहिला.

"काका, अकरा मिनिटं झाली ब्रेक म्हणतोय," तो म्हणाला. "घड्याळ तोंडासमोरच हाय."

"बरं. आता जास्त बोलू नको, बॅटरी राख. मी विचारीन तेवढंच. उजव्या हाताला काय दिसतं?"

"टाकी. निळी."

"कंपनीची की गावाची?"

"गावाची. काका, पाय कळंना मला."

"पायाचं नंतर. टाकीच्या अलीकडे आहेस की पलीकडे?"

तुमचा आवाज जराही चढला नव्हता. त्याच भागात दुसऱ्या शिफ्टला निघालेला क्लबचा एक सभासद तुम्ही शोधलात, त्याला टाकीची खूण दिलीत, काकूंना फोनवर रुग्णवाहिकेच्या मागे लावलंत. तासाभरात गणेश हॉस्पिटलात होता. पाय वाचला, घोटा पहिल्यासारखा झाला नाही. आज तो स्टोअरमध्ये बसून काम करतो आणि जिना उतरताना कठडा धरतो.

दोन दिवसांनी जोशीसरांनी क्लबच्या ग्रुपवर तुमच्या नोंदवहीच्या पानाचा फोटो टाकला. तुमच्या अक्षरात एक ओळ होती. "दोन स्टेशनांनी मोकळी जागा न ठेवल्यामुळे हाक अकरा मिनिटे दबली." पुढे आमची दोघांची कॉल साइन. सरांनी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी तुम्हाला फोन लावला.

"काका, 'दबली' हे कशावरून लिहिलंत?"

"गणेशने सांगितलं."

"तो वेदनेत होता. त्याच्या घड्याळावर तुम्ही विश्वास ठेवता आणि मला न विचारता माझं नाव टाकता? आमच्याकडे एका बाजूवर बातमी जात नाही."

"ही बातमी नाही गो. नोंद आहे."

"मी डॉक्टरांशी बोलले. अकरा मिनिटांनी पायाला काही फरक पडला नसता म्हणतात."

"डॉक्टर पायाबद्दल बोलतायत. मी हाकेबद्दल बोलतोय."

"ओळ खोडा."

"खोडणार नाही. तू ये. वही बघ."

"फोटो बघितलाय."

तुम्ही थांबलात. फोनवर टुक वाजत नाही, तरी तुम्ही तेवढा वेळ सोडलात. मी तो भरला नाही. मग म्हणालात, "कसली घाई गो तुका?" आणि फोन ठेवलात. तुमची मालवणी बाहेर आली म्हणजे राग खरा होता, एवढं मला कळत होतं.

आता जे तुम्हाला सांगितलं नाही ते.

माझ्या सेटला एक छोटा रेकॉर्डर कायम जोडलेला असतो. कामाची सवय. आपल्या फोनच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघण्याआधी मी त्या दुपारचं ध्वनिमुद्रण लावलं. तुमची नोंद चुकीची आहे हे सिद्ध करायला लावलं होतं. त्या अकरा मिनिटांतल्या चौथ्या मिनिटाला मी बटण सोडते, टुक वाजते, आणि सरांचं बटण दाबलं जाण्याआधी एक आवाज आहे. अर्ध्या सेकंदाचा. 'ब्रे'. खरखरीत आहे, पण आहे. मी तो आठ वेळा ऐकला. नवव्यांदा ऐकायची गरज नव्हती.

फाइल मी पुसली नाही. दुसऱ्या नावाने ठेवून दिली. हे दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी त्याला काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे, आणि मी ते छापलंही असतं.

त्यानंतर दोन वर्षं मी नेट ऐकलं, बोलले नाही. दर रविवारी तुम्ही हजेरी घेताना माझं कॉल साइन पुकारलंत. दर वेळी एक, दोन एवढा वेळ थांबलात. मग, "उत्तर नाही. पुढे." ना टोमणा, ना कंटाळा. मी चहाचा कप धरून सेटसमोर बसलेली असायचे. बटण हाताच्या अंतरावर होतं. तुम्ही यादीतून नाव काढून टाकलं असतंत तर मला सोपं गेलं असतं, आणि तुम्ही ते केलं नाहीत याचा मला दोन वर्षं राग येत राहिला.

हॉस्पिटलात मी तुम्हाला एकदाच भेटले. रेकॉर्डर पर्समध्ये होता. तो मी घरून आठवणीने घेतला होता, हेही सांगायला हवं. तुमच्या नाकाला नळी होती. काकू खाली औषध आणायला गेल्या होत्या. आपण दोघंच.

तुम्ही म्हणालात, "टेकडीवरची बॅटरी फुगलीय. पावसाळ्याआधी बदला."

"सांगते सरांना."

"सोसायटीने अँटेना ठेवू दिलीन?"

"दिली."

"मग बोलत का नाहीस?"

मी पर्सची चेन धरून बसले होते. बाहेर ट्रॉली गेली. तुम्ही वाट पाहिलीत. एक, दोन तर सोडाच, चांगला मिनिटभर. मी म्हणाले, "ऑफिसला उशीर होतो, काका."

"जा मग," तुम्ही म्हणालात. "हळू जा. दापोडीच्या पुलावर गर्दी असते."

तुमच्या तोंडून मी ऐकलेलं शेवटचं वाक्य हे. त्यात नियम नव्हता, टीका नव्हती. तुम्ही नुसती माझ्या जाण्याची काळजी केलीत. नोंद म्हणून लिहिते.

त्या पहिल्या रविवारच्या नेटनंतर काकूंनी मला बोलावलं. क्लबच्या वह्या परत द्यायच्या होत्या आणि कुठली वही कुठल्या वर्षाची ते लावून देणारं कोणी हवं होतं. तुमच्या टेबलाशी बसले. चहाचा डाग पडलेला माझा कागद पहिल्याच वहीत निघाला. मग ते पान निघालं.

फोटोत जी ओळ होती ती पानाच्या वरच्या टोकाला आहे. खाली तुम्ही पेन्सिलीने दोन चौकोन आखले आहेत, प्रत्येकी चार ओळींचे. पहिल्यात सरांचं कॉल साइन आणि 'म्हणणे'. त्यात सरांच्या अक्षरात एकच शब्द आहे, 'मान्य', आणि सही. दुसऱ्यात माझं कॉल साइन आणि 'म्हणणे'. पुढे चार ओळी कोऱ्या.

त्याच्याही खाली, शाईने: "कंट्रोल ऑपरेटर. चौथ्या मिनिटाला खरखर ऐकली. ब्रेक असावा असे वाटले. चहा घेत होतो. पुढची सात मिनिटे काही केले नाही. तिन्हींपैकी ही चूक मोठी, कारण ऐकणे हे माझे काम." सही.

मी ते दोनदा वाचलं. मग जोशीसरांना फोन केला.

"सर, फोटोत पानाचा खालचा भाग का नव्हता?"

"अगं, खालचं काय फिरवायचं?" सर म्हणाले. "आपली चूक होती तेवढी मी टाकली. परबांनी स्वतःबद्दल लिहिलेलं मी कशाला गावभर करू? आणि तुझी जागा रिकामी होती. म्हटलं, तू जाशील, वाचशील, लिहिशील. तू गेलीच नाहीस होय?"

नाही गेले. एका कापलेल्या फोटोवरून मी दोन वर्षं भांडले. मूळ कागद बघितल्याशिवाय ओळ पुढे सोडायची नाही, हे मी नव्याने आलेल्या प्रत्येक बातमीदाराला शिकवते. तुम्ही "तू ये. वही बघ" म्हणाला होता. चार शब्दांत सगळं सांगितलं होतंत, आणि मी "फोटो बघितलाय" म्हटलं.

आणि तरीही मला तुमचा राग आला, काका, तो लपवत नाही. खरखर तुम्हीही ऐकली होती. फोनवर तेवढं एक वाक्य बोलला असतात, की मीही ऐकली गो आणि मीही बसून राहिलो, तर मी त्याच दिवशी दापोडीला आले असते. तुमचं तुम्ही वहीत लिहिलंत आणि वही उघडण्याचं माझ्यावर सोडलंत. माणूस उघडेलच असं धरून चाललात. ही तुमची एक चूक मी तुमच्या समोर बसून मांडली असती, आणि तुम्ही ती ऐकून घेतली असतीत. ऐकून घेण्यात तुमच्यासारखा दुसरा कोणी मी पाहिला नाही.

काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांना पान दाखवलं. त्यांनी ते आधीच वाचलेलं होतं.

"रविवारी नेटवर हे वाचू का?" मी विचारलं. "काकांनी स्वतःबद्दल जे लिहिलंय ते लोकांना कळावं की नाही, हे तुम्ही ठरवायचं."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "वाच," म्हणाल्या. "पण अर्धा वाचू नको. ह्यांचा वाचशीत तर तुझापण वाच."

त्यांना रेकॉर्डरबद्दल काही माहीत नव्हतं. त्या फक्त कोऱ्या चौकोनाकडे बघत होत्या.

तिथेच बसून, तुमच्याच पेनाने, त्या चार ओळी भरल्या. "चौथ्या मिनिटाला मी बटण सोडल्यानंतर 'ब्रे' असा आवाज माझ्या ध्वनिमुद्रणात आहे. तो मी तीन दिवसांनी ऐकला. तेव्हापासून मला माहीत होते. सांगितले नाही." सही. तारीख लिहिलं त्या दिवसाची घातली, दोन वर्षांपूर्वीची नाही.

परवाच्या रविवारी साडेनऊला नेट मी उघडलं. सरांना आधी सांगून ठेवलं होतं. यादी वाचली, हजेरी घेतली. प्रत्येकानंतर दोन आकडे. गणेश हजर होता, स्टोअरमधून, ओव्हरटाइमला आलेला. त्याला मी आधी फोन करू शकले असते. केला नाही. फोनवर मी घाई केली असती आणि त्याने भिडेने "राहू द्या, ताई" म्हटलं असतं. हेही बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पान वाचायला घेतलं. वरची ओळ. सरांचं 'मान्य'. मग तुमचं, सहीपर्यंत. त्यानंतर माझ्या चार ओळी. बटण सोडलं.

टुक.

एक, दोन. कोणी नाही. मी पुढे मोजत राहिले. सहापर्यंत गेले. टेकडीवरचं यंत्र बंद पडलं असावं असं क्षणभर वाटलं, आणि ते तसं असतं तर बरं, असंही वाटलं.

"ब्रेक," गणेश म्हणाला.

"बोल, गणेश."

"ताई, काकांपर्यंतचं समदं पाच-नऊ." मागे कोणाची तरी ट्रॉली ढकलल्याचा आवाज येत होता. त्याने तो जाऊ दिला. "तुमची शेवटची ओळ लई घाईत गेली. मला नीट कळली न्हाई. परत सांगा."

त्याने बटण सोडलं. टुक झाली.

मी एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि ओळ परत वाचली. या वेळी एकेक शब्द सुटा. तेव्हापासून मला माहीत होते. सांगितले नाही.

मग तो म्हणाला, "आता कळली. पाच-नऊ. पुढचं स्टेशन घ्या, ताई."

मी पुढचं स्टेशन घेतलं. नेट संपल्यावर त्या दिवसाच्या पानावर नोंद केली: ओळ दोनदा वाचावी लागली. तिच्याखाली पेन्सिलीने एक चौकोन आखला, वर गणेशचं कॉल साइन आणि 'म्हणणे' एवढं लिहिलं. त्याच संध्याकाळी त्याला फोन केला आणि वही दापोडीला काकूंकडे ठेवली आहे, ये आणि बघ, असं सांगितलं. चौकोनात चार ओळी मोकळ्या आहेत.